घरातला वेल, झाडावरचा वेल

मनी प्लँटचं पान केवढं असतं, असं विचारलं की कुणीही आपला तळहात पुढे करतो. घरातल्या वेलापुरतं ते बरोबरच आहे. पण हाच वेल रानात मोठ्या झाडावर चढला की २० मीटरपर्यंत जातो, त्याचं पान मीटरभर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद होऊ शकतं, शिवाय कडेपासून मधल्या शिरेच्या दिशेने त्याला चिरा पडतात. आपण कुंडीत पाहतो ते या वेलाचं पोरवय. बहुतेक घरांत तो त्यातून कधी बाहेरच येत नाही.

गिरगावच्या चाळीत वाढलेली आणि आता डोंबिवलीत नातवंडांत रमलेली एक बाई हा वेल जन्मभर सोबत बाळगून आहे. तिच्या लहानपणी तो सरबताच्या रिकाम्या बाटलीत, तारेने खिडकीच्या गजाला बांधलेला असे. मनी प्लँट मागून आणला तर लाभत नाही, चोरूनच आणावा, असं चाळीत सगळे मानत. तिच्या आईनेही तो वरच्या मजल्यावरून तसाच आणला होता. शेजारणीने आदल्या दिवशी, ‘उद्या दुपारी मी देवळात जाणार आहे हो,’ असं मुद्दाम सांगून ठेवलं होतं.

लग्नानंतर त्याच वेलाचा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून डोंबिवलीला आला. तेव्हाच्या ब्लॉकमध्ये वेल भिंतीवर फिरवायची पद्धत होती. खिळे ठोकायचे, दोरा ताणायचा आणि वेल दारावरून थेट फोटोंच्या रांगेपर्यंत न्यायचा. लांबी भरपूर वाढे, पण पानं बारकी होत जात आणि दोन पानांमधलं अंतर वाढत जाई. पानांवरचे पिवळे पट्टेही फिके पडत. त्या पिवळ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून उजेड कमी पडला की नवी पानं हिरवी येऊ लागतात. येणारा-जाणारा म्हणे, ‘बरं झाड आहे, याला काहीच लागत नाही.’

हे वाक्य या वेलावर अन्याय करणारं आहे. त्याला थोडक्यात तगता येतं. त्याच्या जाड दांड्यात पाणी साठतं, प्रत्येक पेराला मूळ फुटू शकतं, अंधाऱ्या कोपऱ्यातही तो महिनोन्महिने टिकतो. पण तगणं वेगळं आणि वाढणं वेगळं.

त्याचा इतिहासही असाच तुकड्यातुकड्यांचा आहे. १८८० साली वनस्पतिशास्त्राने त्याची नोंद ‘पोथॉस ऑरियस’ म्हणून केली आणि तो सॉलोमन बेटांवरचा असल्याचं मानलं. आज त्याचं मूळ गाव ताहितीशेजारचं मोओरेआ हे बेट समजलं जातं. हा वेल सहसा फुलतच नसल्यामुळे त्याचं कूळ नक्की ठरवणं अवघड होतं. १९६०च्या दशकात कुठे फूल पाहायला मिळालं आणि नावं बदलत बदलत तो ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ झाला. न फुलण्यामागचं कारण २०१६ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी उलगडलं. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारं एक जनुक या वेलात नीट काम करत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर तो फुलला. फूल नाही म्हणजे बी नाही. म्हणून घराघरांतला वेल पेरातूनच वाढत आला आहे. गिरगावच्या गजावरचा आणि डोंबिवलीच्या दोऱ्यावरचा हा एकच जीव. आईच्या हातचं ते झाड शब्दशः अजून घरात आहे, याचं या बाईला फार अप्रूप वाटतं.

बाटली मात्र तिने घरातून काढून टाकली, तीही डेंग्यूच्या एका पावसाळ्यात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात आणि पाण्याच्या रेषेवर चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्महिने जगतात. नुसतं पाणी बदलून भागत नाही. दर आठवड्याला बाटली आतून घासावी लागते.

हवा शुद्ध करण्याची कीर्तीही तपासून घ्यायला हवी. नासाच्या १९८९च्या अहवालातले प्रयोग लहान, बंद पेट्यांमधले होते. पुढे अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. खिडकी उघडल्याने जेवढा फरक पडतो तेवढा पाडायला दर चौरस मीटर जागेत १० ते १००० झाडं लागतील, असा त्यातला हिशेब होता. वेल घरात असावा तो त्याच्या हिरवेपणासाठी, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

वेलाचं खरं रूप तिला कोकणात चुलतभावाच्या वाडीत दिसलं. नारळाच्या खोडाला बिलगून वर गेलेला, सुपाएवढ्या चिरलेल्या पानांचा तो वेल मनी प्लँट आहे, हे तिला आधी पटेना. खाली जमिनीवर लोळणाऱ्या त्याच्याच फांद्यांची पानं मात्र घरातल्यासारखी लहान होती. आधार मिळाला की हवाई मुळं खोडाला धरतात, वेल उंची आणि उजेड गाठतो आणि वरचं प्रत्येक पान खालच्यापेक्षा मोठं होतं. खाली लोंबकळत ठेवला तर याच्या उलट घडतं. याच्याच कुळातल्या मॉन्स्टेराची रोपटी जमिनीवर असताना उजेडाऐवजी जवळच्या खोडाच्या अंधाराकडे सरकतात, असं १९७५ साली दोन संशोधकांनी दाखवून दिलं होतं. आधी आधार, मग उजेड!

परत आल्यावर तिने काथ्या गुंडाळलेली जाड काठी आणली, वेल मोठ्या कुंडीत हलवला आणि मूठभर गांडूळखत घातलं. मुळांची बाजू काठीकडे करून पेरं सुतळीने सैल बांधली. कुंडी आता पूर्वेच्या खिडकीजवळ असते. काथ्या रोज ओला केला जातो, कुंडीला मात्र वरची माती बोटाच्या पेराएवढी सुकल्यावरच पाणी, कारण हा वेल तहानेपेक्षा कुजलेल्या मुळांनी जास्त मरतो. पानांवरची धूळ ओल्या कापडाने पुसली जाते, तेही नातवंडांचे हात दूर ठेवूनच. हा वेल अळू-सुरणाच्या कुळातला. घशाला खाजवणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे तेच सुईसारखे स्फटिक यात असतात आणि कुत्र्या-मांजरांनाही त्यांचा त्रास होतो.

ब्लॉकमध्ये मीटरभराचं पान येणार नाही, हे तिला माहीत आहे. पण काठीवरची नवी पानं दोन तळहातांएवढी येतात आणि पिवळे पट्टे पुन्हा ठसठशीत झालेत. छाटलेले तुकडे ती रस्त्याकडेच्या झाडाखाली मात्र टाकत नाही. श्रीलंकेत कँडीच्या उडवट्ट केले अभयारण्यात याच वेलाने बरंच रान व्यापलं आहे.

आता वेल काठीच्या टोकाला पोचला आहे. काठी उंच करायची की शेंडा छाटून नव्या कुंडीत लावायचा, यावर घरात चर्चा चालू आहे. खालच्या मजल्यावरच्या सुनेने विचारलंय, ‘काकू, तुमच्या मनी प्लँटचा तुकडा द्याल?’ शेंडा तिलाच द्यायचं जवळपास ठरलंय. पावसाळ्यात तो लवकर रुजेल. सोबत एक काथ्याची काठीही आणून ठेवली आहे.