पान्यांची पेटी

घरातील पुस्तके कशी जमली असे आम्हाला कोणी विचारले, तर आम्ही तासभर बोलू शकतो. आमच्या पेशाला ते बोलणे शोभूनही दिसते. हत्यारे कशी जमली हे मात्र आजवर कोणी विचारलेले नाही. कपाटाच्या खालच्या दोन फळ्या आणि गॅलरीतील एक लोखंडी पेटी, एवढाच हा संग्रह. तो जमायला वीस वर्षे लागली, आणि त्यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू कधी आणि कशापायी घेतली हे आम्हा दोघांनाही सांगता येते. पुस्तकांबाबत इतक्या ठामपणे बोलता येणार नाही. न वाचलेली पुस्तके घरात पुष्कळ आहेत, न वापरलेला पाना एकही नाही.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एम.ए. कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात झाले आणि पुढे जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर काम मिळाले. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगायला नको. जितके तास घ्यावेत तितक्यांचे पैसे, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीत काही नाही, आणि जे मिळायचे तेही महिनोन्‌महिने तुंबून एकदम मिळायचे. २००४ पासूनची नऊ वर्षे आम्ही दोघांनी अशी काढली. घरात वाहन एकच होते, सासरहून आलेली १९८९ सालची बजाज चेतक. ती बंद पडली की तास बुडे, आणि तास बुडला की त्याचे पैसे बुडत. हत्यारांकडे आम्ही वळलो ते छंद म्हणून नव्हे.

त्या काळात नकळत एक नियम ठरून गेला. एखाद्या कामाची मजुरी त्या कामाला लागणाऱ्या हत्याराच्या किमतीला टेकली, की मजुरी द्यायची नाही, हत्यार घ्यायचे. चेतकच्या डिकीत रेक्झिनच्या गुंडाळीत एक प्लग पाना आणि एक स्क्रूड्रायव्हर होताच. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइल जळते, त्यामुळे प्लग काजळतो. तो काढून, पॉलिश पेपरने घासून, पुन्हा बसवायला गॅरेजला जाण्याची गरज नसते. शिवाय प्लग हा बोलका असतो. त्याच्या चिनीमातीचा रंग कॉफीसारखा तपकिरी असेल तर सारे ठीक. काळाकुट्ट असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होते आहे. पांढुरका पडला असेल तर इंजिन तापते आहे. रूपावरून आशयाकडे जाण्याची आम्हाला सवय होतीच, इथे ती पहिल्यांदा उपयोगी पडली.

मग पाने आले. नाशिकला कारखाना असलेल्या टपारिया कंपनीचा दुतोंडी पान्यांचा संच आठांचा असतो, ६-७ पासून २०-२२ पर्यंत. पुरा संच परवडत नव्हता. दुकानदाराने विचारले, “सर, घरात वापरायला पायजे का गॅरेजला?” घरात म्हटल्यावर त्याने ८-९, १०-११, १२-१३ आणि १४-१५ असे चार सुटे काढून दिले आणि स्क्रू पाना मात्र घेऊ नका असे बजावले. हा सल्ला मोलाचा होता. स्क्रू पाना कोणत्याही नटाला बसतो, आणि म्हणूनच कोणत्याही नटाला नीट बसत नाही. जरा ढिला राहिला की नटाचे कान जातात. पुढे कळले की दुतोंडी फिक्स पानाही नटाला दोनच बाजूंनी धरतो, रिंग पाना साऱ्या कोपऱ्यांना. म्हणून घट्ट बसलेला नट रिंग पान्याने हलवावा आणि हलल्यावर फिक्स पान्याने भराभर काढावा. रिंगचा संच घ्यायला मध्ये दीड वर्ष गेले.

गॅरेजात पान्यांना नावे नसतात, आकडे असतात. “बारा-तेरा आण” म्हटले की दहाबारा वर्षांचे पोर नेमका तो पाना घेऊन येई. नटाकडे नुसते पाहून आकडा सांगे. ते पोर शाळेत असायला हवे होते हे आम्हाला दिसत होते, आणि आम्ही त्याच्याकडून शिकतही होतो. या दोन गोष्टी एकमेकींना खोडून काढत नाहीत.

भाषेच्या माणसाला या विश्वात दुसरीही एक मौज असते. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) स्क्रूला मळसूत्र म्हटले आहे. किती देखणा शब्द! आज तो उद्यमनगरात कोणाला कळणार नाही. पण तिथे ‘आटा’ आहे. आटे पाडतात, आटे जातात, आटे मारून घेतात, आणि माणसाचेही आटे ढिले होतात. शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापले आणि पुढे परिभाषा कोश निघाले. त्यांतील पुष्कळ शब्द कोशातच राहिले. कानस, पक्कड, छिन्नी, गिरमिट, पटाशी, रंधा, ओळंबा, गुण्या हे शब्द कोणा समितीने घडवले नाहीत, हातांनी घडवले. मात्र ‘फीलर गेज’ला प्रतिशब्द शोधण्याची गरज आम्हाला कधी वाटली नाही. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवायची असते, तिथे पाती सरकवून पाहावी लागते. शब्द कोणताही असो, पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे.

खरे तर हत्यारे आमच्या घरात आमच्या आधीपासून होती. आम्हाला ती मिळत नव्हती, इतकेच. आमच्यापैकी एकीचे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करीत. बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीने १९१८ मध्ये स्वतः चित्रपटाचा कॅमेरा तयार केला, त्या गावात यंत्राला हात घालण्याचे कोणाला अप्रूप नसते. पण आबांचा एक कडक नियम होता. मुलीने पेटीला हात लावायचा नाही. “तुला काय करायचंय पान्याचं? तू आपली पुस्तकं बघ.” यात मुलगी म्हणून अडवणूक किती होती आणि आपल्या वाट्याचे काळे हात तिच्या वाट्याला येऊ नयेत ही धडपड किती होती, हे आम्हाला अजून वेगळे करता आलेले नाही. दुसऱ्याच्या घरी वडील प्राथमिक शिक्षक. तिथे असा नियम करण्याची वेळच आली नाही. हातोडी शेजाऱ्यांकडून आणायची आणि परत द्यायची, हीच रीत. मराठी मध्यमवर्गाने हातांच्या कामाविषयी लिहिले पुष्कळ, केले थोडे, असे आम्हाला वाटते. आमच्या लग्नात ही दोन घरे एकत्र आली, आणि गंमत अशी की पाना हातात धरायचा कसा हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

आबांना आमच्या खटपटी कळल्या त्या फ्लायव्हीलमुळे. पॉइंट बदलायचे तर मॅग्नेटोचे फ्लायव्हील उतरवावे लागते आणि त्यासाठी खास पुलर लागतो. गॅरेजवाला तो कोणाला देत नाही. आबांनी काही न बोलता आटे मोजून नेले आणि दोन दिवसांनी लेथवर करून आणला. सोबत उपदेश एकच: “ठोकायचं न्हाई. दमानं फिरवायचं, ते आपोआप सुटतंय.” त्यानंतर ते आले की एखादी गोष्ट सांगून जात. हॅक्सॉचे दात पुढच्या दिशेला हवेत. पातळ पत्र्याला बारीक दातांचे पाते, कारण कापायच्या जाडीवर एका वेळी निदान दोन दात तरी टेकले पाहिजेत. कानस पुढे जाताना कापते, मागे घेताना दाब काढायचा. कानशीच्या दातांत खडू घासला की लोखंडाचा कीस अडकून बसत नाही. खडूंचा आमच्याकडे तुटवडा नव्हता.

२०१६ मध्ये आबा गेले. पेटीचा प्रश्न दिवसकार्य होताच निघाला. जुन्या घरांत घर आणि शेत यांविषयी बोलायला लोक थांबतात, पण लोखंडाविषयी थांबत नाहीत, ते गंजते. हत्यारे मुलाकडे जातात असा रिवाज आहे. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याने मोकळेपणाने सांगितले, “ताई, तू घेऊन जा.” आई मात्र गप्प होती. आबांच्या हाताखाली चौदा वर्षे शिकलेला एक कारागीर होता, त्याने नुकतेच स्वतःचे छोटे वर्कशॉप टाकले होते. त्याने मागितले नव्हते. पण तो रोज येऊन बसत होता.

त्या पेटीत सर्वांत किमती होते ते मायक्रोमीटर, शून्य ते पंचवीस मिलिमीटरचे, मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारे, लाकडी डबीत कापड घालून ठेवलेले. लहानपणी ज्याला लांबूनही पाहू दिले जात नसे ते हेच. एकीला पेटीतील बाकी काही नसते मिळाले तरी चालले असते. आम्ही दोघे त्या रात्री यावर पुष्कळ बोललो. आमच्या घरी ते कशाला लागणार होते? चेतकच्या कोणत्याही कामाला ते लागत नाही. ते काचेच्या कपाटात बसले असते, आणि आल्यागेल्याला आम्ही त्याची गोष्ट सांगितली असती. ती चांगली सांगितली असती, याचीच आम्हाला धास्ती वाटली. दुसऱ्या बाजूला एक माणूस होता, ज्याचा माल शंभराव्या भागाने चुकला तर परत येणार होता. पण हक्क नावाची गोष्टही असते, आणि आयुष्यभर ‘हात लावू नको’ ऐकलेल्या मुलीचा हक्क सोडायला सांगणे दुसऱ्याला सोपे असते, हेही त्या रात्री बोलले गेले.

सकाळी तिनेच पेटी उघडली. मायक्रोमीटर, व्हर्नियर, टॅप आणि डाय, लेथची टूल्स त्या कारागिराला दिली. पाने, पकडी, हातोड्या, छिन्न्या, कानशी आणि रिकामी झालेली पेटी आम्ही आणली. प्रत्येक हत्यारावर आबांच्या नावाचे पहिले अक्षर पंचने ठोकलेले आहे. वर्कशॉपमध्ये हत्यारे इकडेतिकडे होतात म्हणून तसे करतात. मायक्रोमीटरवर ते अक्षर नाही. अशा वस्तूवर ठोके मारायचे नसतात.

आमची हत्यारे आणि आबांची हत्यारे आम्ही काही दिवस वेगळी ठेवली. मग एका कामात १४-१५ चा आपला सापडेना, म्हणून त्यांचा घेतला, आणि तेव्हापासून सारे एकत्र आहे. पेटीत कापराच्या वड्या ठेवतो, गंज कमी लागतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तेवढ्याने भागत नाही, आषाढात एकदा सारे पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. खंडेनवमीला पेटीची पूजा होते. पुस्तकांची वेगळी करायची की एकाच पाटावर, यावर घरात दरवर्षी वाद होतो.

चेतक आता आठवड्यातून दोनदा निघते. एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम आले, नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले, आणि दोष शोधायला पान्याआधी स्कॅनर जोडावा लागतो. आमची रोजची गाडी तशीच आहे आणि ती आम्ही गॅरेजला नेतो. पण नळाचा वायसर, मिक्सरचे कार्बन ब्रश, दाराची कडी, मुलीची सायकल ही कामे संपलेली नाहीत. मुलगी आठवीत आहे. सायकलच्या पेडलचा दांडा काढायला वेगळा पुलर लागतो, तो आमच्याकडे नाही. मजुरी आणि किंमत दोन्ही विचारून ठेवली आहे. अजून मजुरी थोडी कमी पडते.