पिन सरकते का?

माझ्या बोटांना आता पिन कळत नाही. मधुमेहाने टोकं बधिर झाली आहेत. पाना धरता येतो, बोल्ट सुटतो. पण गाडीच्या ब्रेक कॅलिपरची पिन भोकात कशी जाते, कुठे अडखळते, ते कळेनासं झालं. म्हणून या पावसाळ्यानंतर कॅलिपर काढले तेव्हा पिना पुतणीच्या हातात दिल्या.

कॅलिपर रंगवायचा ब्रश मात्र दिला नाही. रंग लाल. लाल कॅलिपर म्हटलं की ब्रेम्बो आठवते. 1961 साली इटलीत बेर्गामोजवळ सुरू झालेल्या या कंपनीचा कारखाना आपल्या पुण्याजवळही आहे. शर्यतीच्या गाड्यांचे कॅलिपर अनेक पिस्टनचे, डिस्कला दोन्हीकडून दाबणारे. माझा ओतीव लोखंडाचा, एका पिस्टनचा. लाल रंगाने त्याची जात बदलत नाही. तरीही चाकाच्या आऱ्यांमधून तो लाल दिसावा, कुणीतरी वाकून पाहावं, असं मला वाटतं. हा माझा हौसेचा नव्हे, मिरवण्याचा भाग आहे.

एकच पिस्टन असल्यामुळे सगळी भिस्त पिनांवर. पिस्टन आतला पॅड दाबतो आणि त्याच दाबाने अख्खा कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर आणतो. पिन जाम झाली की आतला पॅड त्याच्या मागच्या पत्र्यापर्यंत झिजतो आणि बाहेरचा जवळजवळ कोरा राहतो. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत पिनेवरचा रबरी बूट जरासा जरी फाटला, तरी आत गंज धरतो.

गंजलेली पिन दिसते, तिचा प्रश्न नाही. मला वर्षानुवर्षं छळते ती पुसल्यावर चकाकणारी आणि भोकात अर्ध्यावर अडणारी पिन. कधी तळाशी जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं. कधी आत नुसती हवा कोंडलेली असते. बूट चिमटीत दाबून ती सोडली की काम होतं. काही गाड्यांत एका पिनेच्या टोकाला रबराची नळी असते, आणि पिनांची अदलाबदल झाली की नळीची पिन भलत्या भोकात आवळते. सर्वांत वाईट म्हणजे कुणीतरी बेअरिंगचं ग्रीस भरलेलं असतं. त्यातल्या तेलाने रबर फुगतं. तिथे सिलिकॉन ग्रीसच हवं.

हे अडथळे हाताला वेगवेगळे लागतात. हवा पिनेला मागे ढकलते. गंज खरखरतो. फुगलेलं रबर पिनेला सोडतच नाही, ती आहे तिथेच थबकते. हे सगळं पुतणीला सांगितलं, तर ती म्हणाली, “काका, मला तिन्ही सारखेच वाटतात.” मग जुन्या पिना काढून एकेक तिच्या हातात देत गेलो. संध्याकाळी डावीकडची खालची पिन ढकलून ती म्हणाली, “ही थांबतेय, ढकलत नाहीये. रबर.” बरोबर होतं. मला आनंद झाला, आणि जे माझ्या हातून गेलं ते तिला मिळालं याचा हेवाही वाटला.

तिने टॉर्क रेंचही आणला आहे. बोल्ट मनगटाच्या अंदाजाने आवळण्याचा मला गर्व होता, आणि रेंचचा टक् आवाज ऐकून तो दुखावतो. पण बोटं अशी असताना मनगटावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून रेंच वापरतो.

आता बाजारात चाक काढून, भोवती कागद लावून जागेवरच स्प्रे मारून देतात. पॅड ज्या खाचेत सरकतो तिथे रंगाचा थर बसतो, पॅड आवळतो, डिस्क तापते. काही जण तर लाल प्लास्टिकची टोपणं चिकटवतात. हे पाहून मला राग येतो. त्या कॅलिपरला आतून कुणाचा हातच लागलेला नसतो. मीही मिरवतो, पण पिन पाहिल्यावर.

म्हणून घरी हे काम काढणाऱ्यांना एकच सांगणं: रंगाचा डबा शेवटी उघडा. दोन्ही पिना बोटाच्या दाबाने सरकत नसतील, तर उघडूच नका.