पुष्पकची उस्तवार

14 नोव्हेंबर, जालना

पंख सुटे करून ट्रकवर बांधलेलं पुष्पक विमान आज अंबड रस्त्यावरच्या शेडमध्ये उतरवून घेतलं. मालक इथलेच, बियाण्याच्या धंद्यातले. काम आमच्या दुरुस्ती संस्थेच्या परवान्याखाली, जागा त्यांची, सही माझी. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस मुद्दाम धरले आहेत. हवा दमट असली की कापडावर चढवायच्या डोप लेपातला द्राव उडताना कापड गार पडतं, त्यावर बाष्प धरतं आणि लेप पांढुरका होतो. असा लेप कच्चाच राहतो.

शेडमध्ये जमलेल्यांना विमानाचं वय ऐकून नवल वाटलं. पुष्पक पहिल्यांदा उडालं 28 सप्टेंबर 1958 रोजी, बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये. अमेरिकन एरोन्का चीफच्या जातकुळीतलं. शेजारी-शेजारी दोन आसनं, वर पंख, 90 अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन. सुमारे 160 विमानं बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत दोन-तीन पिढ्या त्यांच्यावर शिकल्या. त्या काळी तिथल्या आरेखनाची धुरा डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्याकडे होती. कोल्हापूरकडचा माणूस, जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेली. एचटी-2 हे देशात आखलेलं प्रशिक्षण विमानही त्यांचंच.

17 नोव्हेंबर

पान्याला हात लावण्याआधी लॉगबुकं वाचून काढली. ही सवय मला माझ्या उस्तादांनी लावली. विमानाचे तास, इंजिनचे तास, प्रोपेलरचे तास, कोणता भाग केव्हा बदलला, कुणाच्या सहीने.

शेपटीजवळच्या खालच्या नळीला जोड दिलेला दिसतो आणि त्याची नोंद कुठेच नाही. कुणी दिला, नळी कुठली, काही कळायला मार्ग नाही. वरून वेल्डिंग देखणं आहे. तरी तो तुकडा कापायचा, असं मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “चांगला दिसतोय की, साहेब.” मी म्हणालो, “भाऊसाहेब, चांगला असेलही. पण मला त्याच्यावर सही करता येत नाही.”

25 नोव्हेंबर

जुनं कापड पूर्ण उतरवलं. मूळचं सुती. अशा कापडाची ताकद ठरलेल्या मापाच्या 70 टक्क्यांखाली गेली की ते बदलावंच लागतं. टोचणी यंत्राचा काटा बऱ्याच ठिकाणी त्याच्याही खाली थांबला. पंखांच्या वरच्या बाजूला, जिथे ऊन थेट बसतं, तिथे सगळ्यात वाईट.

आत पोलादी नळ्यांचा सांगाडा. विमान शेपटीवर टेकून उभं राहतं, त्यामुळे पाणी उतरतं मागे आणि गंज धरतो तो तिथल्या खालच्या नळ्यांना. नळीची भिंत जेमतेम एक मिलिमीटर. बाहेरून रंग शाबूत, आतून पोखरलेली, असं होतं. टोकदार पंचने बोटा-बोटाच्या अंतरावर ठोकत गेलो. चांगल्या नळीवर पंच उसळतो, नाद खणखणीत येतो. एके ठिकाणी आवाज बसका आला आणि टोक आत गेलं. तोही भाग आता बदलायचा. हाताशी असलेल्या आयटीआयच्या पोराला डोळे मिटून नुसता नाद ऐकायला लावला. दुसऱ्यांदा त्याने जागा बरोबर सांगितली.

4 डिसेंबर

जालना सळईचं गाव. भट्ट्यांत भंगार वितळतं, रोलिंग मिलमधून सळया निघतात. मालकांच्या ओळखीचे एक कारखानदार शेडवर आले, म्हणाले, हवी तेवढी नळी आणून देतो. त्यांची भावना खरी होती, म्हणून नीट बसवून समजावलं: विमानाच्या नळीसोबत तिचा कागद यावा लागतो, कोणत्या वितळणीची, कोणत्या मिश्रधातूची, कुणी तपासली. कागदाशिवाय ती आमच्यासाठी भंगारच. नळी मागवली, विमानाच्या वेल्डिंगची परीक्षा दिलेला वेल्डर बाहेरून बोलावला. आज दोन्ही जोड पुरे झाले.

मग नळ्यांत जवसाचं तेल. गरम तेल आत सोडायचं, सांगाडा फिरवून सगळीकडे पोहोचवायचं, उरलेलं काढून घ्यायचं आणि भोक बंद करायचं. आत पातळ थर धरतो आणि गंजाला हवा मिळत नाही. पोरगा म्हणाला, “काका, हे तर आमच्या घरी चटणीत असतंय.” त्याच्या शेतात जवस होतं. ही जुनी, जगभर चालणारी रीत आहे, हे ऐकून त्याला फार बरं वाटलं.

18 डिसेंबर

नवं कापड पॉलिस्टरचं. हा बदल मंजूर करून घ्यावा लागतो. मंजुरीचे कागद आल्याशिवाय गठ्ठा उघडला नाही. सांगाड्यावर चिकटवलं की ते सैलसर असतं. मग इस्त्री. आधी साधारण 120 अंश सेल्सिअस, शेवटी 175 च्या जरा वर. त्यापुढे गेलं तर कापड पुन्हा ढिलं पडतं आणि मग परत ताणत नाही. म्हणून इस्त्रीचा आकडा न मानता तिच्या तळाचं तापमान वेगळ्या तापमापकाने मोजून घेतलं.

ताण बसताना बघण्यासारखं असतं. इस्त्री सरकते तशा चुण्या तिच्यापुढे पळतात आणि मागे कापड गुळगुळीत होत जातं. बोटाने टिचकी मारली की ढोलकीच्या पुडीसारखं वाजतं. मग पंखाच्या प्रत्येक रिबला, म्हणजे फासळीला, मेणाच्या दोऱ्याने टाके, टाक्या-टाक्याला गाठ. उडताना पंखाच्या वरचं कापड वर ओढलं जातं. ते रिबशी धरून ठेवायचं काम या गाठींचं.

पॉलिस्टर कुजत नाही, पण उन्हाने मरतं. म्हणून रंगाआधी ॲल्युमिनियमच्या भुकटीचे चंदेरी हात. पंखाच्या आत दिवा धरून शेड अंधारी केली. जिथे उजेड झिरपला तिथे आणखी एक हात. मराठवाड्याच्या मे महिन्यात उभं राहायचं आहे या विमानाला.

3 जानेवारी

इंजिन. सिलिंडरमध्ये 80 पीएसआय दाबाने हवा सोडायची आणि आत किती टिकते ते पाहायचं. तीन सिलिंडर सत्तरीच्या वर, चौथा 58. आकड्याइतकंच कानाने ऐकावं लागतं. तेलाच्या तोंडाशी फुसफुस आली तर रिंगा, कार्ब्युरेटरकडे आली तर आत घेणारा व्हॉल्व्ह, धुराड्यात आली तर बाहेर टाकणारा. इथे धुराड्यात आली. सिलिंडर उतरवला. व्हॉल्व्हच्या दांड्यावर शिशाचा थर.

खालच्या प्लगांतही शिशाचे करडे मणी सापडले. हे इंजिन 80/87 या कमी शिशाच्या पेट्रोलसाठी बनलेलं. आता मिळतं ते ॲवगॅस 100 एलएल. नावात ‘लो लेड’ असलं तरी शिसं त्या जुन्या इंधनाच्या चौपटीपर्यंत असू शकतं. पूर्वी तेही परदेशातून यायचं. सप्टेंबर 2022 पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याजवळच्या रिफायनरीत बनवते, ही आमच्यासारख्यांसाठी मोठी गोष्ट. शिशावर उपाय साधे आहेत: जमिनीवर मंद गतीने फार वेळ इंजिन चालवू नये, खालचे प्लग वरचेवर काढून साफ करावेत, तेल 25 तासांनी बदलावं.

20 जानेवारी

मालकांच्या मनात नवा पडदा बसवायचा होता, नकाशा आणि सगळी घड्याळं एकाच चौकटीत. या विमानाला जनरेटरच नाही, प्रोपेलर हाताने फिरवून चालू करायचं. वीज आणायची म्हणजे बॅटरी, वायरी, वजन, आणि त्या वजनाला जागा आणायची कुठून? सगळं मिळून कमाल 600 किलोंच्या आसपास, त्यात दोन माणसं आणि इंधन.

मी दुसरी यादी दिली. पहिलं, खांद्यावरचे पट्टे. या विमानाला नुसता कमरेचा होता. ते नळीला भोक न पाडता पट्टीने आवळून धरायचे. दुसरं, 406 मेगाहर्ट्झचा आपत्कालीन संदेशक. जुना 121.5 चा आहे आणि तो उपग्रहांनी ऐकणं 1 फेब्रुवारी 2009 पासून बंद आहे. नव्याच्या संदेशात विमानाची ओळख असते आणि तो बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रापर्यंत पोहोचतो. तिसरं, चांगला हातातला रेडिओ. भाऊसाहेबांनी थोडा विचार केला आणि यादी मान्य केली. सुधारणा म्हणजे आधी माणूस वाचला पाहिजे, शोभेचं नंतर.

6 फेब्रुवारी

तिन्ही चाकांखाली काटे ठेवून वजन केलं, गुरुत्वमध्य मांडला. मर्यादेत आहे. नंतर इंजिन चालू. चाकांना ठोकळे, शेपूट दोराने खुंटीला, आत जाणता माणूस. मी प्रोपेलरला हात लावला तो स्विच चालू आहे असं धरूनच. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची जमिनीची वायर तुटलेली असेल तर ‘ऑफ’ला काही अर्थ नसतो. इंपल्स कपलिंगचा टक आवाज आला आणि इंजिनाने पकडलं. तेलाचा दाब लगेच चढला. दोन्ही मॅग्नेटो आळीपाळीने तपासले, फेरे मर्यादेतच उतरले.

11 फेब्रुवारी

लॉगबुक लिहिलं. दोन नळ्या, कापड, व्हॉल्व्ह, पट्टे, संदेशक, सगळ्यांचे कागद क्रमाने जोडले. आता उड्डाणयोग्यतेची तपासणी, मग चाचणी उड्डाण.

साठ वर्षांपूर्वीचं विमान या शेडमध्ये उघडता आलं, कारण ते आखणाऱ्यांनी प्रत्येक सांध्यापर्यंत माणसाचा हात पोहोचेल असं आखलं. गरीब देशातल्या लांबच्या धावपट्टीवर दुरुस्त करता यावं, ही घाटग्यांच्या पिढीची दृष्टी मला त्यांच्या कोणत्याही पदवीपेक्षा मोठी वाटते.

भाऊसाहेबांना शेवटचं सांगणं लेखी दिलं आहे: विमान उडवत राहा. उभ्या इंजिनात तेल निथळून जातं, कॅमशाफ्ट उघडी पडते, गंज धरतो. नुसतं जमिनीवर चालवूनही भागत नाही. तेवढ्याने तेल पुरतं तापत नाही आणि आतलं पाणी उडून जात नाही. वेळ मिळणार नसेल तर शिकणाऱ्या पोरांना द्या.