वेचलेली फुले

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप आला तेव्हा प्रथम संकोचच वाटला. सांगण्यासारखे मोठे कर्तृत्व माझ्याजवळ नाही. वसतिगृहाच्या अंगणात लागलेली एक सवय मात्र अजून सोबत आहे, तिच्याविषयीच लिहितो.

वंदनेसाठी फुले आणण्याची पाळी वर्गवार येत असे. फुले तोडायची नाहीत, खाली पडलेलीच वेचायची, असा अधीक्षक सरांचा दंडक होता. पहाटे आम्ही चाफ्याखाली ओणवे होऊन ताजी फुले शोधत असू. गोंदिया जिल्ह्यातल्या माझ्या गावी आईबरोबर मोहाखालीही मी असाच ओणवा झालो होतो. पण तिथली टोपली भरली तरच घरात तेल-मीठ येई. फूल म्हणजे मजुरी, एवढेच मला ठाऊक होते. फुलाकडे नुसते पाहताही येते, हे मी शाळेत शिकलो.

पुढे नोकरीच्या निमित्ताने बंगळुरूला आलो आणि जयनगरात स्थिरावलो. समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून अधिक उंचीवरचे हे शहर. आपल्याकडचा उन्हाळा इथे नाही. वर्षाच्या आरंभी गुलाबी ताबेबुया फुलतो, मार्चमध्ये नीलमोहर, एप्रिल-मेमध्ये गुलमोहर, बहावा आणि ताम्हण. दिवाळीच्या सुमारास आकाशनिंबाची पांढरी फुले रात्रभर गळत राहतात. एक झाड ओसरते तोवर दुसऱ्याची पाळी आलेली असते.

हे सारे आपोआप घडलेले नाही. 1908 मध्ये गुस्ताव हर्मन क्रुम्बिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ लालबागेत अधीक्षक म्हणून आले. शहरात वर्षभर कुठे ना कुठे फुले असावीत अशा बेताने झाडे लावण्याची कल्पना त्यांचीच मानली जाते. त्यापूर्वी ते बडोद्यात सयाजीराव गायकवाड महाराजांच्या सेवेत होते. 1913 मध्ये बाबासाहेबांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली ती याच महाराजांनी. हे वाचल्यापासून इथली झाडे मला काहीशी आपली वाटू लागली. शिवाय नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा, गुलमोहर मादागास्करचा. माझ्यासारखेच तेही बाहेरून येऊन इथे रुजलेले.

वडील गेल्यावर आईला इकडे आणले. तेव्हा फेब्रुवारी होता. दारासमोरचा रस्ता गुलाबी फुलांनी झाकून गेला होता. मी कौतुकाने तिला खिडकीशी नेले. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, “बाबू, या फुलायचं इथं का करतेत?” काहीच करत नाहीत, नुसती पाहतात, असे मी म्हणालो. तिचे लक्ष मात्र रस्ता झाडणाऱ्या बाईकडे गेले होते. “त्या बाईले हे सारं झाडाव लागत असन,” ती म्हणाली. इतकी वर्षे त्या रस्त्यावरून मी रोज गेलो होतो. मला केवळ फुलेच दिसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई खराटा घेऊन फाटकाबाहेर फुले झाडताना दिसली. मी रागावलो. जो खराटा हातून सुटावा म्हणून तिने मला शाळेत घातले, तोच तिच्या हाती, तोही माझ्या दारात! शेजारी काय म्हणतील, ही भीतीही मनात होती. ती आज कबूल करतो. आई शांतपणे म्हणाली, “आपल्या दारातलं आपन झाडलं त का झालं? तेवढाच तिच्या हाताले आराम.”

पुढे दोघींची ओळख झाली. एकीला कन्नड येत नसे, दुसरीला मराठी. तरी पायरीवर बसून चहा होई. हळूहळू आईही झाडांकडे पाहू लागली. झाडून झाले की त्यातले एक चांगले फूल ती उचलून आणी आणि बशीतल्या पाण्यात ठेवी. नीलमोहर फुलला की म्हणे, “आता गावाकडं मोह पडत असन.” या परक्या शहरात तिला तिचे पंचांग सापडले होते.

आई गेली त्याला आता तीन वर्षे झाली. ताबेबुया फुलतो तेव्हा सकाळी मी खराटा घेऊन बाहेर जातो. पहिल्या दिवशी हात अवघडला होता, आता नाही. झाडून झाल्यावर एक फूल उचलून घरी आणतो. तोडत मात्र नाही. अधीक्षक सरांचा तो दंडक अजून मोडलेला नाही.

आज शाळेच्या अंगणात फुले वेचणाऱ्या मुला-मुलींना एवढेच सांगावेसे वाटते : शिका, मोठे व्हा, आणि सवड काढून फुलांकडे पाहा, तो आनंद तुमच्याही हक्काचा आहे. फक्त पाहताना, ती कोण झाडते आहे तेही पाहा.