आजीला कोणी विचारले का?

महापालिकेच्या इस्पितळात मी तीस वर्षे परिचारिका होते. कॅज्युअल्टीत लहान-मोठे सारे एकाच वेळी येत. कोणाकडे आधी धावायचे, हे घटकेघटकेला ठरवावे लागे. मुले आधी, मग कर्ते, म्हातारी माणसे शेवटी, असा क्रम लोकांच्या मनात असतो. मला तो कधीच पटला नाही.

मूल झपाट्याने ढासळते, हे खरेच. जुलाबाने टाळू खोल गेली, किंवा सहा महिन्यांचे बाळ मिनिटाला ५० च्या वर श्वास घेऊ लागले, तर क्षण दवडायचा नाही. औषधही वजनावर मोजायचे. पण मूल रडते, आई हंबरडा फोडते, मग सारे धावतात. म्हातारे माणूस गप्प पडून राहते. न्युमोनिया झाला तरी पुष्कळदा ताप येत नाही. ते बरळते, जेवण सोडते, एवढेच. घरचे म्हणतात, "वयच झालं." तहान कमी लागते, म्हणून पाणीही मागत नाही. आणि सलाईन भराभर सोडले तर दुबळ्या हृदयाला पेलत नाही, धाप लागते. वय पाहायचे ते सेवा कशी करायची यासाठी. करायची की नाही, यासाठी नव्हे.

विनयपिटकात पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची हकीगत आहे. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी त्याला धुऊन, उचलून खाटेवर निजवले. आपल्या घरातही हेच चालते. आजीने जन्मभर डोक्यावर विटा वाहिल्या. हात चालत होते तोवर मान, मग कोपरा.

अशाच एका आजींचे खुब्याचे हाड मोडले. मुलगे व्हरांड्यात ऑपरेशनच्या खर्चाचा हिशेब करीत होते. त्यांचा मला राग नाही. दोघेही कंत्राटी कामगार. पण खाटेवरच्या बाईला कोणी विचारले नव्हते. मी विचारले. "सिस्टर, मला माझ्या पायानं संडासला जायचंय," आजी म्हणाल्या. मुलांना मी सांगितले, ऑपरेशनात धोका आहे, तसा नुसते पडून राहण्यातही आहे. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. डॉक्टरही तेच बोलले. ऑपरेशन झाले. चौथ्या दिवशी आजी वॉकर धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या एक आजी, कर्करोग अंगभर पसरलेला. त्यांना सुया नको होत्या, घर हवे होते. मुलगी ऐकेना. शेवटी मी तिला दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, ओल्या कापसाने तोंड कसे पुसायचे ते शिकवले. आजी घरी गेल्या. सतरा दिवस जगल्या, नातवंडांच्या गलक्यात.