नर्सीच्या घरातली नावं

नर्सीच्या नामदेवांच्या घरातली नावं एकदा सलग म्हणून पाहावीत. आई गोणाई, बायको राजाई, बहीण आऊबाई, लेक लिंबाई. मुलं नारा, विठा, गोंदा, म्हादा. सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. आणि जनाई. नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव हे देव या घरात आले नि नारा, विठा, गोंदा, म्हादा होऊन अंगणात खेळू लागले. नामदेवांचा जन्म १२७० चा. इतकी शतकं लोटली, पण नाव घडवायची आमच्याकडची रीत तीच आहे. ज्ञानेश्वराचा ग्यानबा होतो, पांडुरंगाचा पांडू. बायका मात्र सगळ्या आई. पाळण्यातल्या लिंबीलाही आईच म्हटलंय, हे मला फार आवडतं.

घराण्याचं आडनाव रेळेकर सांगतात. अभंगात ते येत नाही, तिथं नुसता ‘नामा’. वडील दामाशेटी, त्यातला ‘शेटी’ म्हणजे श्रेष्ठी, व्यापाऱ्याला लावायची उपाधी. जनी गंगाखेडची, या घराशी तिचं रक्ताचं नातं नाही. तिनं स्वतःला नामयाची म्हणवून घेतलं. याहून मोठं आडनाव मला माहीत नाही.

पुढं सोळाव्या शतकात विष्णुदास नामा झाला. त्याचीही सही ‘नामा’च. कोणता अभंग कोणत्या नाम्याचा, यावर अभ्यासकांनी आयुष्यं घालवली.

गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. पंजाबात ते भगत नामदेव. २०१५ चं साहित्य संमेलन तिथल्या घुमानला भरलं ते याच नात्यानं.

नर्सी कयाधूच्या काठी. कयाधू हे प्रल्हादाच्या आईचं नाव. नदीला राक्षसाच्या राणीचं नाव आहे आणि आम्ही तिला माय म्हणतो. प्रल्हादाला जिनं पोटात वाढवलं, तिला दुसरं काय म्हणायचं?

औंढ्याच्या देवानं अख्ख्या मुलखाला नावं पुरवली. नागनाथ, नागोराव, नागोबा, नागेश. गावात चौघं नागोराव असतात, मग ओळखीसाठी वाड्याचा, मळ्याचा, वरल्या आळीचा असं पुढं लागतं. यातूनच एखादं आडनाव घट्ट होऊन बसतं.

नामदेवांना गुरू भेटले ते औंढ्यालाच, विसोबा खेचर. मूळचे विसोबा चाटी. खेचर म्हणजे आकाशात फिरणारा, योग्याला शोभेल असं. आणि बोलीत खेचर म्हणजे घोडा-गाढवाचं संकर जनावर. ज्ञानदेवांनी ‘खेचरा, दूर हो’ असं झिडकारलं आणि विसोबांनी तेच नाव म्हणून घेतलं, अशी कथा आहे. झिडकारलेला शब्द जन्मभर अंगावर मिरवायला किती मोठं मन लागत असेल!

बाजारातल्या पाट्या वाचत निघालं की ‘वार’ची आडनावं दिसतात. कोत्तावार, मामिडवार, कोंडावार. हा ‘वार’ तेलुगूतला, आदरानं लावायचा ‘वारु’. कोत्त म्हणजे नवं, मामिडी म्हणजे आंबा, कोंडा म्हणजे डोंगर. ही घरं पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात. एकाच दुकानाच्या पाटीवर दोन भाषा शेजारी नांदतात. निजामाचं राज्य १९४८ ला गेलं, पाटी अजून आहे.

तांड्यावर राठोड, पवार, चव्हाण, जाधव. तेलंगणातल्या बंजाऱ्यांत ज्यांना वडतिया म्हणतात तेच इकडं जाधव. म्हणजे सोयरीक जुळवताना आडनाव विचारून भागत नाही, गोत विचारावं लागतं. नाईक हा तांड्याचा मान. पलीकडं पुसदजवळ गहुलीच्या राठोडांच्या घरात तो मान आला, पुढं तेच आडनाव झालं, आणि वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री राहिले.

कडोळीचे नानाजी देशमुख. पाळण्यातलं नाव चंडिकादास. देशमुख हे वतनाचं, चंडिकादास देवीचं, नानाजी माणसांनी दिलेलं. २०१९ ला भारतरत्न जाहीर झालं ते माणसांनी दिलेल्या नावाला.

दगडू, धोंडिबा, केरबा, उकिरडा. आधीची लेकरं दगावलेली असायची, म्हणून जगलेल्याला मुद्दाम हलकं नाव ठेवायचं, काळाची नजर जाऊ नये म्हणून. तान्ह्याला उकिरड्यावर टेकवून केरासारखं उचलून आणायचे. शब्द खडबडीत आहे, आत आईचा जीव थरथरतोय. ‘नकुसा’ला हे लागू नाही. तिथं नजर चुकवायची नव्हती, लेकच नको होती. साताऱ्यात २०११ मध्ये अडीचशेहून अधिक नकुसांनी एका दिवशी नवी नावं घेतली. त्यांतल्या काहींनी आपलं नाव आपणच निवडलं, हे वाचून मी त्या दिवशी दुसरं काही वाचलं नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं सरकारी कागदावर आईचं नाव लागतं, मग वडिलांचं, मग आडनाव. त्याच दिवशी आमच्या हिंगोली जिल्ह्याला पंचवीस वर्षं झाली. मी वहीत लिहून पाहिलं : नामदेव गोणाई दामाशेटी रेळेकर. छान दिसलं. गोणाई आपल्या जागी आल्यासारखी वाटली.

आजोबांचं नाव नामदेव. आजी ते कधी घ्यायची नाही. रेशन कार्डाच्या वेळी कारकुनानं मालकाचं नाव विचारलं तर ती म्हणाली, “लिव्ह ना बाबा, नर्सीच्या महाराजाचंच हाय.” त्यानं लगेच लिहिलं. हिंगोलीत तेवढ्यावर भागतं.

आषाढ वद्य एकादशीच्या परतवारीला ती मला नर्सीला न्यायची. पंढरपूरहून परतलेल्या दिंड्या, चिखल, टाळ. ‘नामदेव तुकाराम’चा गजर उठला की मी तिच्या तोंडाकडं बघायचो. ‘नामदेव’ला तिचे ओठ मिटलेले, टाळ्या चालू. ‘तुकाराम’ आलं की सगळ्यांच्या वर आवाज.