हनुवटीवरच्या केसांबद्दल, गौरीला

प्रिय गौरी,

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या भुशी धरणावर गर्दी उसळली, की तू भज्यांच्या कढईसमोर तोंडाला ओढणी गुंडाळून उभी असतेस. धुरामुळे, असं सांगतेस. हनुवटीवरच्या केसांमुळे, हे ताईने मला सांगितलं. रागावू नकोस तिच्यावर, आई काळजीपोटीच बोलते.

एकोणीस वर्षांच्या मुलीला हनुवटीवर, ओठावर, बेंबीखाली राठ काळे केस येतात तेव्हा बहुधा शरीरातल्या अँड्रोजन या संप्रेरकाचा त्यात हात असतो. ते प्रत्येक बाईच्या अंगात असतंच. कुणात ते वाढतं, तर कुणाची केसांची मुळंच त्याला जास्त दाद देतात. वाढण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार, ज्याला आपल्याकडे सगळे पीसीओडी म्हणतात. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुली तपासल्या. त्याचा अहवाल २०१४ मध्ये छापून आला. निदानाचे रॉटरडॅम निकष लावल्यावर त्यांतल्या २२.५ टक्के मुलींत पीसीओएस सापडला. म्हणजे जवळजवळ दर पाच जणींत एक. लोणावळा लोकलच्या लेडीज डब्यात बसलीस, की आजूबाजूला बघ आणि हिशेब कर.

तुझी पाळी दोन-दोन महिने येत नाही, असं ताई म्हणाली. पार्लरच्या आधी डॉक्टरांकडे जायचं ते यासाठी. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, साखर अशा रक्ताच्या तपासण्या होतील. केस अगदी थोड्या महिन्यांत भराभर वाढले असतील किंवा आवाज घोगरा झाला असेल, तर मात्र पाऊस थांबायची वाट बघू नकोस, लगेच जा. आणखी एक खरं सांग. गोरं होण्यासाठी मेडिकलमधून आणलेलं एखादं क्रीम चेहऱ्याला लावतेस का? त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असतं, आणि त्यानेही चेहऱ्यावर केस येतात. असेल तर ती ट्यूब डॉक्टरांना दाखव.

आता केस काढायचं. रेझरने केस दाट होतात, ही भीती मनातून काढून टाक. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन संशोधिकेने १९२८ मध्येच पुरुषांच्या दाढ्या तपासून दाखवलं होतं, की वाढीत काही फरक पडत नाही. पातं केसाचं निमुळतं टोक कापतं, उरलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. थ्रेडिंग आणि वॅक्स स्वस्त, पण अशा राठ केसांना वरचेवर करावं लागतं. त्यातून तुझ्या हनुवटीवर आत वळलेल्या केसांचे फोड येतात, काळे डाग राहतात. करायचंच असेल तर सोमवारी कर. ओरबाडलेल्या कातडीवर कढईची वाफ नको.

लेझर कायमचा, असं जाहिराती सांगतात. ते अर्धंच खरं. लेझर केसातल्या काळ्या रंगाला पकडतो, म्हणून राठ काळ्या केसांवर चालतो. पण सावळ्या कातडीतही तोच रंग असतो. म्हणून तुझ्यासारख्या वर्णाला लांब लहरीचा एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित, आणि तो चालवणारा त्वचारोगतज्ज्ञच हवा. साधारण सहा-आठ बैठका, मध्ये महिना-दीड महिना. त्या काळात मुळासकट केस उपटायचे नाहीत, रेझर चालतो. गालावरच्या बारीक लवेला मात्र लेझर लावू देऊ नकोस. आपल्याकडच्या मुलींत कधी कधी त्याने उलट केस वाढतात. आणि आतलं संप्रेरक तसंच राहिलं, तर नवे केस येत राहतील. त्यासाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर त्यांचा गुण दिसायलाही सहा महिने लागतात, तोवर रेझरने भागव. लेझरच्या पॅकेजचे पैसे आधी भरू नकोस. भज्यांच्या हंगामाची कमाई आहे ती.

काहीच न काढणं हाही पर्याय आहे, आणि तो मी तोंडदेखला म्हणून लिहीत नाही. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात दहावीला राज्यात पहिली आलेल्या मुलीला लोकांनी ओठावरच्या केसांवरून छळलं. त्या लोकांची मला आजही चीड येते. त्यांच्यासारख्यांसाठी तू एक रुपयाही खर्च करावास असं मला वाटत नाही. तुला स्वतःला हवं असेल, तर जरूर कर.

मंगळवारी पुण्याला ये, ससूनच्या त्वचा विभागात आपण दोघी जाऊ. येताना गेल्या सहा महिन्यांतल्या पाळीच्या तारखा लिहून आण, आणि आधीचे दोन दिवस केस काढू नकोस. डॉक्टरांना ते जसे आहेत तसे बघू दे.

तुझी,
मावशी